नव्याने उभी केलेली पद्मिनी आंबोली घाटात बंद पडते : आधी काय तपासावे?

प्रश्न : खानापूरकर

सर्वांना नमस्कार. आमच्या घरची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. ती आता पूर्ण दुरुस्त करून नव्याने उभी करून घेतली आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत इंजिनाचे बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या, क्रँक ग्राइंड केला, रेडिएटरची जाळी बदलली, वायरिंग नवे ओढले, पेट्रोलची टाकी उतरवून आतून साफ केली आणि बाहेरून रंगवली, त्यानंतर बॉडीचे डेंटिंग-पेंटिंग केले. खानापूर ते बेळगाव अशा फेऱ्यांत गाडीने एकदाही त्रास दिला नाही, म्हणून आई-बाबांना घेऊन शिनोळी, आंबोली, सावंतवाडी या मार्गाने मालवणला गेलो.

जाताना काहीही झाले नाही. परतताना कुडाळच्या अलीकडे, अगदी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालत असताना गाडीची ओढ कमी झाली, दोन-चार झटके बसले आणि ती बंद पडली. थोडा वेळ थांबल्यावर आपोआप सुरू झाली. कुडाळमध्ये टाकी फुल केली, त्यानंतर सावंतवाडीपर्यंत गाडी उत्तम चालली. दाणोली सोडून घाट चढू लागल्यावर मात्र पुन्हा तेच झाले, आणि या वेळी इंजिन गरम असताना सेल्फ इतका जड फिरू लागला की बॅटरीच उतरली असे वाटले. तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला नव्हता. सावंतवाडीहून बोलावलेल्या मिस्त्रींनी पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवले, कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला छोटा भाग) बदलला आणि बराच वेळ बॉनेट उघडे ठेवले, तेव्हा रात्रीच्या गारव्यात आम्ही घाट चढून घरी पोहोचलो.

एक मिस्त्री म्हणतात कॉइल (ठिणगीसाठी जादा दाबाची वीज तयार करणारा भाग) बदला, दुसरे म्हणतात कार्ब्युरेटर उघडा, तिसऱ्यांच्या मते ही सगळी नव्या पेट्रोलची करणी आहे. कार्तिकी एकादशीच्या आधी याच गाडीने चिकोडी, मिरज या मार्गाने पंढरपूरला जाण्याची बाबांची इच्छा आहे. एकामागून एक सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा नेमके कारण शोधावे असे मला वाटते. जाणकारांनी कृपया क्रम सांगावा.

उत्तर : उद्यमबाग, बेळगाव

खानापूरकर दादा, आपण घटना क्रमाने लिहिल्यामुळे अर्धे काम सोपे झाले आहे. माझ्या अनुभवात नव्याने उभ्या केलेल्या गाडीत पहिल्या लांबच्या प्रवासात जे बिघाड निघतात, ते बहुतेक वेळा जुन्या झिजेचे नसतात. काम करताना जे उघडले, रंगवले, बदलले किंवा परत बसवायचे राहिले, तिथेच ते असतात. त्यामुळे कॉइलच्या दुकानात जाण्याआधी, ज्या ज्या जागी हात लागला आहे त्या जागा पाहाव्यात.

आपल्या मजकुरातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे कुडाळला टाकी भरल्यानंतर गाडी सुरळीत चालली, ही. टाकीतून पेट्रोल जसे खाली जाते तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. ही वाट झाकणातल्या बारीक छिद्रातून असो किंवा टाकीच्या वरच्या बारीक नळीतून, रंगाने किंवा पुट्टीने ती बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. गाडी थांबली की कुठून तरी हळूहळू हवा शिरते आणि ती पुन्हा सुरू होते. पेट्रोल भरण्यासाठी आपण झाकण उघडले तेव्हा तो निर्वात मोडला. शिवाय टाकी फुल असली की वर हवा थोडीच उरते, त्यामुळे तोच दोष अधिक लवकर जाणवतो. म्हणजे फुल टाकीने घाट गाठला आणि तिथे इंजिनाला जास्त पेट्रोल लागू लागले, हे सगळे एकमेकांशी जुळते. खानापूर ते बेळगाव एवढ्या अंतरात हा दोष कळला नाही, यातही नवल नाही.

याची परीक्षा फुकट होते. पुढच्या वेळी गाडी अशी मरगळून बंद पडली की बॉनेटकडे न जाता आधी टाकीचे झाकण हळूच फिरवा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर कारण सापडले.

आवाज आला नाही, तर पुढची पायरी पेट्रोल की करंट हे ठरवण्याची. कार्ब्युरेटरजवळची पेट्रोलची नळी काढून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवे. हे करताना कॉइलची मधली वायर काढून इंजिनाला अर्थ करून ठेवावी, कारण गरम इंजिनाजवळ पेट्रोल आणि ठिणगी एकत्र येणे जिवावर बेतू शकते. पेट्रोल व्यवस्थित येत असेल तर नळी परत बसवून, सांडलेले पुसून, ते उडून जाईपर्यंत थांबावे आणि मगच जवळचा जादा प्लग वायरला लावून, त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठिणगी पाहावी. ती निळसर आणि कडक असावी. पिवळी, मरतुकडी ठिणगी असेल तर कंडेन्सर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कॉइल यांच्याकडे वळावे. कंडेन्सर गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर निकामी, असे पुष्कळदा होते, आणि हल्ली बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर जुन्यांइतके भरवशाचे नसतात. पॉइंटमधले अंतर फिलर गेजने मोजून सुमारे ०.४५ मिलिमीटर ठेवावे, नजरेने ठेवू नये.

जड फिरणारा सेल्फ हा वेगळा बिघाड आहे, तो पहिल्यात मिसळू नका. पद्मिनीचे इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी नसेल किंवा तिच्या टोकाखाली रंग असेल, तर सेल्फचा सगळा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढू पाहतो. गार असताना भागते, गरम झाल्यावर भागत नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनापर्यंत एक जाड जंपर वायर लावून सेल्फ मारून पाहा. फरक पडला तर दोष अर्थिंगचा. मीटर असेल तर सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातला दाब पाहावा. अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको.

एका वेळी एकच गोष्ट बदला, एवढी विनंती. घाटात ओले फडके, कंडेन्सर आणि विश्रांती हे तिन्ही उपाय एकाच वेळी झाल्यामुळे कशाने गुण आला हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

उत्तर : निपाणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक भर घालतो. आपण बिघाडाचे विचारले आहे, मला काळजी घाट उतरण्याची वाटते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि आपल्या गाडीत बहुधा ब्रेकचे लायनिंगही (ड्रमवर घासणारा थर) नवे असेल. नवे लायनिंग ड्रमवर पूर्ण बसायला काही काळ जातो. तोवर लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवत गेल्यास ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेक थोडा थोडा मारून सोडावा, आणि मध्ये थांबून चारही चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक इतरांपेक्षा फार गरम असेल तर तिथले लायनिंग घासत आहे. त्या चाकाचे ॲडजस्टमेंट आणि मास्टर सिलिंडरच्या पेडलची ढील तपासावी. चाकांचे नट पहिल्या प्रवासानंतर पुन्हा कसावेत. टायर दिसायला नवे असले तरी त्यांच्यावरचा चार अंकी आठवडा-वर्षाचा आकडा वाचावा. शेडमध्ये पडून राहिलेले रबर नक्षी शाबूत असतानाही फुटते.

खानापूरकर

दोघांचेही मनापासून आभार. झाकण उघडून पाहिले. आतल्या बाजूच्या छिद्रावर रंगाचा पापुद्रा होता, नखाने खरवडल्यावर तो सुटला. आधी खात्री करावी म्हणून ते छिद्र तसेच ठेवून लोंढ्यापर्यंत गेलो होतो. गाडी मरगळताच झाकण फिरवले, तेव्हा आवाज स्पष्ट आला आणि गाडी लगेच सुरू झाली. छिद्र मोकळे केल्यापासून सपाट रस्त्यावर एकदाही बंद पडलेली नाही. अर्थच्या पट्टीचेही तसेच निघाले. बोल्ट चकचकीत, पण पट्टीच्या खाली बॉडीचा निळा रंग जसाच्या तसा होता. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केल्यावर गरम इंजिनावरही सेल्फ पहिल्या झटक्यात उचलतो.

तरीही एक शंका उरली आहे. भर दुपारी गोव्याच्या बाजूने चोर्ला घाट चढताना, कणकुंबी जवळ आली असता, गाडीने पुन्हा थोडे झटके दिले. बंद पडली नाही, आणि झाकण उघडल्यावर आवाजही आला नाही. पेट्रोल पंपाला हात लावता येत नव्हता इतका तो तापला होता. मित्र सांगतात की टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून टाका. तसे करावे का?

उत्तर : उद्यमबाग, बेळगाव

आता उरलेले लक्षण व्हेपर लॉकचे आहे. मूळ यांत्रिक पंप इंजिनाच्या अंगावर बसलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढत असतो. ओढीच्या बाजूला दाब कमी असल्यामुळे तापलेल्या नळीत पेट्रोल लवकर उकळते, नळीत वाफ भरते, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच हलवत राहतो. घाटात वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त, म्हणून बॉनेटखाली हवा खेळत नाही.

इलेक्ट्रिक पंप टाकीकडून पेट्रोल ढकलतो, त्यामुळे तो उपाय खरा आहे, पण मी तो शेवटचा मानतो. अपघातात इंजिन बंद पडले तरी चावी सुरू असेपर्यंत तो पंप पेट्रोल फेकत राहतो. ऑइलच्या दाबावर चालणारा कट-ऑफ स्विच जोडल्याशिवाय तो बसवू नये. त्याआधी पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बॅकेलाइटचा जाड स्पेसर आहे का, ते पाहा. तो उष्णता अडवतो. इंजिन उघडून परत बांधताना तो तुटतो किंवा हरवतो आणि नुसते पातळ गॅसकेट लावून पंप कसला जातो. स्पेसर मूळ जाडीचाच घ्यावा, कारण जाडी बदलली की पंपाच्या दांड्याची चालही बदलते. तसाच स्पेसर कार्ब्युरेटरच्या खालीही असायला हवा. नवी ओढलेली पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या बाजूने किंवा इंजिनाला टेकून गेली असेल तर ती दूर सरकवून क्लिपांनी धरावी.

नव्या पेट्रोलची करणी म्हणणारे मिस्त्री पूर्ण चुकलेले नाहीत. आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, ओढ कमी होते आणि इंजिन जास्त तापते. लांब चढ चढल्यावर इंजिन लगेच बंद करून, ते निवल्यावर प्लग काढून पाहा. टोक पांढरेफटक असेल तर मेन जेट एक पायरी मोठा करून घ्यावा. बिस्किटी रंग असेल तर जेटला हात लावू नये. जुन्या पद्धतीची रबरी नळी इथेनॉलने मऊ पडून आतून सुटते आणि टाकीच्या तळाचा उरलासुरला गंजही तो सोडवतो. म्हणून इथेनॉल सोसणारी नळी सगळीकडे बसवावी आणि पारदर्शक फिल्टर लावून तो पहिल्या काही प्रवासांत वारंवार पाहावा. दादा, व्हॉल्व्हच्या सीटचेही (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कडा) इंजिन करणाऱ्यांना विचारून घ्या. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल बंद झाले आणि जुन्या मऊ सीटला त्या शिशाचा आधार होता. कडक सीट बसवल्या नसतील तर टॅपेटची ढील (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) अधूनमधून मोजत राहावी लागेल, कारण सीट बसत गेली की ढील कमी होत जाते.

पंढरपूरचा रस्ता घाटाचा नाही, पण थेट तिकडे निघू नका. आधी संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर अशी एक फेरी करा. त्यात तवंदी घाटही येतो आणि हायवेवरची एकसारखी धावही होते. त्यानंतर हेडचे नट आणि टॅपेट गार इंजिनावर पुन्हा पाहून घ्यावेत आणि बोअरनंतरचे पहिले ऑइल अजून बदलले नसेल तर तेही बदलावे. सोबत चालत्या गाडीतून काढलेला, खात्रीचा कंडेन्सर ठेवावा. पॉइंट, रोटर, फॅन बेल्ट, रेडिएटरची वरची-खालची होज, थोडी पेट्रोलची नळी, क्लिपा आणि पाण्याचा कॅन एवढे डिकीत असले की वाटेवरच्या कुठल्याही मिस्त्रीला काम करता येते. टोचन करण्याची वेळ आलीच तर दोर पुढच्या बंपरला बांधू नये, चेसिसच्या मजबूत भागाला बांधावा. विम्याच्या पॉलिसीत वाटेवरची मदत इतक्या जुन्या गाडीला मिळते का आणि राज्याची हद्द ओलांडल्यावरही मिळते का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्यावे.