खोली फुकट, पण काम?

आरएंसाठी स्मृतिनिधीतून शिष्यवृत्ती द्यावी अशा चर्चेत कुणीतरी विचारलंय, 'आरएला खोली फुकट मिळते, मग वर शिष्यवृत्ती कशाला?' आरए म्हणजे रेसिडेंट असिस्टंट, अमेरिकेतल्या कॉलेजच्या वसतिगृहात आपल्या मजल्यावरच्या पोरांकडे बघणारा. आपल्याकडचा रेक्टर नव्हे हं, तो स्वतःच विद्यार्थी असतो. मजल्यावर कुणी आजारी पडलं, भांडणं झाली, कुणी रात्री दोनला रडत आलं, की दार याचंच वाजतं. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत ही फुकटची खोली आर्थिक मदतीत धरतात, मग गरजू पोराचं अनुदान तेवढं कापलं जाऊ शकतं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं! ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या आरएंनी २००२ साली युनियन केली, ती उगाच नाही.

स्मृतिनिधीचं म्हणाल तर मला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा रायन क्लार्क आठवतो. तोही आरए. १६ एप्रिल २००७च्या सकाळी, बहुधा शेजारच्या खोलीतला आवाज ऐकून तो बघायला गेला आणि मारला गेला. त्या दिवशी तिथल्या गोळीबारात ३२ जण गेले, त्यांत मुंबईची मिनल पांचाळही होती. विद्यापीठाने पुढे त्यांच्या नावाने निधी उभे केले.

असा निधी आरएंसाठी असेल तर पैसे रोख द्यावेत. पुस्तकांना लागतात, सुट्टीत घरी जायलाही लागतात. खोलीचं भाडं त्यात धरू नये.