घरी पहिल्यांदा एचडी आलं तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

रंकाळावेस
काल शाहूपुरीत मावशीकडे गेले होते. टीव्ही नवा, भिंतभर, आणि मालिका लावलेली एसडी चॅनेलवर, म्हणजे साध्या, एचडीइतकं स्पष्ट नसलेल्या. चित्र आडवं ताणलेलं, सगळ्या बायका बुटक्या नि रुंद. रिमोटवरून मूळ आकारात आणलं तर दोन्ही कडांना काळे पट्टे. मावशी म्हणाली, "एवढे पैसे घातले ते पट्टे बघायला व्हय गं?"

त्यावरून १ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवली. पॅरिस ऑलिंपिकला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची फायनल, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. रिचार्ज जरा कमी बसावा म्हणून बाबांनी नेमके त्याच महिन्यात एचडी चॅनेल काढले होते. नेमबाजीत बघायचं काय असतं? आकडे! माणूस तर दगडासारखा उभा, सगळी चढाओढ त्या बारीक पट्टीत. आणि एसडीवर दशांशच दिसेना. १०.१ का १०.७, कुणालाच कळेना. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीला चिकटवली, तरी नाही. उभं राहून मारायची फेरी आली तशी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर काकूंकडे पळालो. त्यांच्यात एचडी. एकेक शॉट स्वच्छ वाचता येत होता. ४५१.४ आणि ब्राँझ! काकूंनी साखर वाटली, बाबा रडले. चांगलं चित्र म्हणजे चैन, हे मला काही पटत नाही. नजर अधू झालेल्याला खेळच त्यामुळं कळतो. तुमच्यात काय झालं, लिहा.

पेठेतला स्ट्रायकर
अंगावर काटा आला ताई. त्या दिवशी दुकान अर्धा तास बंद ठेवलं होतं आम्ही 🙏

निवृत्त मास्तर
स्वप्नीलचं नाव निघालं की खाशाबा जाधव आठवतातच. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, कुस्तीत ब्राँझ. इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. ती कुस्ती इथं कुणी बघितली नाही, आमच्या वडिलांनी पेपरात वाचली. विषय टीव्हीचा आहे, पण राहवलं नाही.

रंकाळावेस
लिहा हो सर, असंच पाहिजे.

छत्रीवाला दादा
मी डिश बसवायचं काम करतो, म्हणून सांगतो. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. एचडी १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट. जुन्या डबा टीव्हीवर एसडी छान दिसायचं, कारण पडदा तेवढाच होता. तेच चित्र पन्नास इंचावर पसरलं की पुसट होणारच.

आणि एक. लई घरांत एचडीचा रिचार्ज असतो, पण बॉक्स जोडलेला असतो पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी. त्या पिवळ्या वायरीतून एचडी येतच नाही. एचडीएमआय केबल लावा. परवा कसबा बावड्यात एका आजोबांच्यात फक्त केबल बदलली, तर म्हणाले नवीन टीव्ही आणला काय.

सासर कागल
दादा थांबा, मागं जाऊन बघून येते

सासर कागल
पिवळीच आहे!!! दोन वर्षं पैसे भरतोय आम्ही. बसवून गेलेल्याला सांगायला काय झालं होतं? संताप आला. मुलाला केबल आणायला पिटाळलंय.

आजऱ्याची लेक
आईकडे फुकटची डिश आहे, डीडीवाली. महिन्याला काही भरायचं नाही. सह्याद्री लागतं, बातम्या लागतात, आई खूश. एसडीला नावं ठेवू नका बाई. तिच्यासारखीला दर महिन्याचा रिचार्ज परवडत नाही, म्हणून टीव्हीच बंद ठेवायचा का?

रंकाळावेस
नावं नाही हो ठेवत. पटलं तुमचं. आमचे बाबाही पैशापायीच काढत होते.

हिशेबी काकू
फेब्रुवारी २०१९ आठवतंय का कुणाला? ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्या कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, नवा नियम आला, आपापले चॅनेल निवडा. मूळ १३० रुपये, जीएसटीसकट १५३, त्यात शंभर चॅनेल. आणि एक एचडी घेतला की दोन एसडी धरायचे. पैशाच्या चॅनेलची किंमत आणखी वेगळी. सासूबाई कॅलेंडरच्या पाठीमागं यादी करत बसल्या होत्या. भजनाचा चॅनेल ठेवायचा म्हणून त्यांनी स्वतःच्या मालिकेचा एचडी खोडला, एसडीच ठेवला. मला इतकं वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात माझा एक काढून त्यांचा परत टाकला. २०२० मध्ये शंभर चॅनेलचे दोनशे झाले तेव्हा कुठं ती ओढाताण संपली. आता त्या नाहीत. मराठी एचडी लागलं की अजून म्हणावंसं वाटतं, बघा, पैठणीचा काठ कसला दिसतोय.

आजऱ्याची लेक
काकू 🫂 भाग्यवान तुम्ही दोघी.

पेठेतला स्ट्रायकर
आता फुटबॉल. १८ डिसेंबर २०२२, वर्ल्डकप फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स. तालमीत मोठा पडदा लावलेला. पोरांनी मोबाईलवरनं नेट जोडलं, म्हणाले एचडीत दिसतंय, फुकट हाय. दिसतंय खरं, पण पलीकडच्या गल्लीत डिश लावलेली. तिथनं आरडाओरडा आधी, आमच्यात गोल मागनं! नेटवरचं काही सेकंद मागं असतं ना. पेनल्टी आल्या तशी भावांनी नेट काढून छत्रीची वायर ओढली. एसडी तर एसडी, पण आरोळी बरोबर पडली पाहिजे. लांब पासला चेंडू पुसट दिसत होता, तरी मेस्सीचा पाय ओळखतो की आपण.

सासर कागल
पलीकडची गल्ली ब्राझीलवाली होती काय?

पेठेतला स्ट्रायकर
अर्धी ब्राझील, अर्धी आमची. त्या रात्री सगळीच आमची झाली.

गच्चीवरचा
आमच्यात पाऊस आला की एचडी आधी जातं, एसडी जरा तग धरतं. जुलैत तर रोजचंच. असं का?

छत्रीवाला दादा
डिशच्या लहरी बारीक असतात, पावसाचे थेंब त्या शोषतात. एचडीला सिग्नल चांगला लागतो, म्हणून बऱ्याचदा ते आधी अडकतं. पण रोज जात असेल तर छत्री हललेली असणार. आपल्याकडनं ती दक्षिण आणि पूर्वेच्या मधे कुठंतरी बघते. त्या बाजूला काही आडवं आलंय काय?

गच्चीवरचा
शेजारच्यांचा आंबा. गेल्या दोन वर्षांत चांगलाच वाढलाय.

सासर कागल
केबल आली. लावली. अहो दादा!!! बातम्यांखालची पट्टी स्वयंपाकघरातनं वाचता येतीय!

छत्रीवाला दादा
लई भारी 👍 गच्चीवरचे, आंब्याला हात लावू नका, शेजारधर्म बिघडतो. पाण्याच्या टाकीपाशी पाइप उभा करून छत्री वर घ्या. वायर तुटकी जोडू नका, सलग एकच टाका.