वाळीत टाकायच्या ठरावावर खजिनदाराने सही करावी का?

सड्यावरचा (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. आमची वाडी तीसेक घरांची. पाखाडी उतरली की समोर समुद्र. गेल्या वर्षी मला वाडीच्या मंडळाचा खजिनदार केलं. केलं म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून गळ्यात घातलं.

देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. घरटी अकरा हजार वर्गणी ठरली, मुंबईकरांना एकवीस. कोणी एकरकमी दिली, कोणी हप्त्याने, कोणी कुरकुरत. एका घराने दिली नाही. त्या घरातल्या अण्णांचं म्हणणं एवढंच, की मागच्या खेपेला सभामंडपाचा पत्रा बदलला त्याचा हिशोब वाचून दाखवा, मग अकराच्या जागी पंधरा देतो. आता हिशोब मागणं हा काही गुन्हा नाही. पण त्यांनी तो मागितला भर बैठकीत, अध्यक्षांच्या तोंडावर, मुंबई मंडळाची माणसं समोर बसलेली असताना. तिथून बिनसलं.

आता ठराव लिहिलाय. या शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात थांबणार नाही. त्यांच्याकडे लग्नकार्याला, मयताला कोणी जायचं नाही. जो जाईल त्याला पाच हजार दंड. खाली घरटी एक सही. बहुतेक सह्या झाल्यात, माझी राहिली आहे. वही खजिनदाराकडे असते म्हणून ती सध्या आमच्या कपाटात, आईच्या पोथ्यांखाली.

ठराव मला पटत नाही. पण माझी बाजूही ऐका. माझी हापूसची कलमं वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत. फवारणीला, राखणीला, काढणीला वाडीतलीच माणसं येतात. कलमांकडे जायची वाट दुसऱ्या दोघांच्या जागेतून जाते, कागदावर ती वाट कुठेच नाही. आई ब्याऐंशीची. तिला एकच धास्ती, "माझ्या वेळेला खांदा द्यायला कोण येईल?" बायको म्हणते, सही ठोका आणि रात्री त्यांच्याकडे जेवायला जाऊ, कोण बघतंय. आणि खरंच, सही केलेल्यांतले निम्मे असंच करणार आहेत. परवा त्यांच्या मागल्या दाराशी कोणीतरी बांगडे, म्हणजे मासळी भरलेली पिशवी टांगून गेलं. ज्याने टांगली त्याची सही ठरावात दुसऱ्या नंबरला आहे.

तर सही करून आतून सांभाळून घ्यावं, की सरळ नाही म्हणावं आणि आईला नि कलमांना जे भोगायचं ते भोगू द्यावं? शहरात बसून उपदेश नको. गावात राहून असं काही निभावलेल्यांनी लिहा.

वकीलबाई (रत्नागिरी)

शहरात बसूनच लिहिते आहे, पण उपदेश नाही, माहिती. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराच्या बैठकीत ठरावाच्या बाजूने मत देणाराही त्यात येतो. म्हणजे तुमच्या कपाटात पोथ्यांखाली जे आहे तो आरोपींच्या नावांचा कागद आहे, तोही त्यांच्याच अक्षरात. तुमचं नाव त्यात घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

अजून एक. पीडिताची तयारी असेल आणि न्यायालयाने परवानगी दिली तर प्रकरण आपसात मिटवायची सोय याच कायद्यात आहे. तक्रार केली म्हणजे वाडी कायमची फुटली असं होत नाही. आधी १९४९ चा मुंबई राज्याचा कायदा होता. एका धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि धर्माच्या कारभारात ढवळाढवळ होते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द केला. त्यानंतर नवा कायदा यायला अर्धं शतक गेलं. त्यामुळे हाताशी आलाय तो वापरायला लाजू नका.

गुहागरी

सही करा आणि मोकळे व्हा. कायदा वगैरे ठीक आहे, पण पोलीस पाटील कोणाचा चुलता आहे ते आधी बघा.

मी इथल्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या काळात विशीत होतो. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवणार म्हणून गर्जना झाल्या. सरकार बदललं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आम्ही फटाके वाजवले. वर्ष पालटायच्या आत बोलणी, आणि १९९६ मध्ये नव्या अटींवर तोच प्रकल्प परत, आधीपेक्षा मोठा. हे पुढाऱ्यांचं झालं. आमचं काय? आमच्या आळीत सकाळी मोर्च्याला जाणारा माणूस संध्याकाळी कंपनीच्या इंजिनिअरला खोली भाड्याने देत होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोरांच्या फिया त्यातून गेल्या. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा खोल्याही रिकाम्या झाल्या आणि मोर्चेही. ज्यांनी तत्त्व म्हणून खोली दिली नव्हती त्यांना कोणी शाल-श्रीफळ दिलं नाही.

वाडीत राहायचं तर वाडीसारखं राहावं. अण्णांना तुम्ही गुपचूप मदत करा, ती जास्त कामाची. तुमची सही नसल्याने त्यांच्या अंगणात पालखी येणार आहे का?

निवृत्त मास्तर (मुरूड-हर्णै)

गुहागरकर, खोली भाड्याने दिली ती तुमची होती. इथे भाड्याने द्यायला निघालेत ती अण्णांची इज्जत. हा फरक मला लहान वाटत नाही.

सड्यावरचे, तुम्ही आमच्याच तालुक्यातले, म्हणून आपल्याच मातीतलं सांगतो. धोंडो केशव कर्वे आमच्या मुरूडचे. आधी गावासाठी मुरूड फंड उभा करणारा हा माणूस. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी, म्हणजे देवरुखच्या जोश्यांच्या विधवा मुलीशी, लग्न केलं. गावाने सभा भरवून ठराव केला, तुमच्या वहीतल्यासारखाच. कर्व्यांशी व्यवहार ठेवायचा नाही, आणि घरच्यांनी घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत. त्यांची आई इथे, भाऊ इथे. कर्व्यांनी काय केलं? प्रायश्चित्त घेतलं नाही, लग्न चूक होतं असं म्हटलं नाही. पण आईच्या दारात उभं राहून गावाला आव्हानही दिलं नाही. गावी आले तर घरापासून वेगळे राहिले, म्हणजे झळ आपल्याला बसावी, तिला नको.

पुढचं तर तुमच्या प्रश्नाला आणखी लागू आहे. १८९६ मध्ये पुण्याला अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा त्यांनी विधवाविवाहाचं काम आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवलं. विधवाविवाह मंडळीचं चिटणीसपदही सोडलं. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केलं त्याने! कारण सरळ होतं. आश्रमात मुली यायच्या त्या सोवळ्या घरांतून. तिथे लग्नं लावून देतात अशी आवई उठली असती तर बापांनी मुली पाठवल्या नसत्या आणि मुली शिकल्या नसत्या. सुधारकांतल्या काहींना हे कच खाणं वाटलं. मला वाटत नाही. सोडलं ते त्यांचं स्वतःचं पद होतं. आश्रमातल्या एकाही मुलीला त्यापायी काही गमवावं लागलं नाही.

आता दुसरी बाजू. १८९० मध्ये पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये पुढारी मंडळींनी चहा घेतला, नावं छापून आली, ग्रामण्य म्हणजे वाळीत टाकायचा वाद उठला. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी पुढे पुण्यात घेतलं. रानडे माझं दैवत आहेत, तरी हे मला कधी पचलं नाही. चहासारख्या गोष्टीसाठी कशाला वाद, असं म्हणता येतं. पण त्यांच्याकडे बघून धीर धरलेल्या लहान माणसांनी मग कोणाकडे बघायचं होतं?

तेव्हा माझं मत असं. कलमांची वाट, माणसांची मजुरी, अध्यक्षांना नमस्कार, यावर हवी तेवढी तडजोड करा, ती तुमची आहे. अकरा हजारांत आणखी दोन घालायला लागले तर घाला. सही मात्र तुमची नाही, ती अण्णांच्या घराची आहे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होऊ नका. नाही म्हणताना आवाज चढवायची गरज नाही. "मी खजिनदार आहे, हिशोब माझ्याकडे यायचा आहे, तो वाचून झाला की मग बघू" एवढं म्हटलं तरी पुरतं. हे टाळाटाळीचं वाटेल. वाटू दे.

चवदार (महाड)

मास्तर, कर्व्यांचं सगळं मान्य. पण "आवाज चढवू नका" हे कोणी कोणाला सांगायचं?

आमच्या महाडला नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा कायदेमंडळाचा बोले ठराव त्याच्या आदल्या वर्षीचा. कागदावर सगळं झालं होतं. तीन वर्षं कोणी एक ओंजळ घेऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी मार खाल्ला आमच्या लोकांनी, आणि तळं "शुद्ध" करून घेतलं गावाने. कोर्टातला निकाल उच्च न्यायालयातून यायला १९३७ उजाडलं. समजुतीने, आतून, सांभाळून होणार असतं तर तीन वर्षं पुरेशी होती.

पालखीचं म्हणाल तर आमच्या वस्तीत ती कधीच येत नव्हती. आजा सांगायचा, ढोल ऐकू यायचा, वळणापर्यंत यायचा आणि फिरायचा. तेव्हाही गावात चांगली माणसं होतीच. रात्री येऊन भाकरी देऊन जायची. मागल्या दाराने दिलेल्या बांगड्यांचं मला कौतुक नाही. अण्णांना बांगडे नकोत, हिशोब हवाय.

आणि एक गोष्ट कोणीच विचारली नाही. पत्र्याचा हिशोब आहे कुठे?

होय म्हाराजा (मालवण)

अरे बाबा, देवाक कौल लाव म्हणान सांग. गुरवाक म्हणाचा, पालखी त्या घराक जाव की नको ता देवाकच इचार. देव काय वर्गणी मोजूक बसलेलो नाय. आमच्याकडे असाच एक भांडान होता, देवान उजवो कौल दिल्यान, सगळे गप. अध्यक्षाक पण तोंड ऱ्हवला आणि पालखी पण गेली.

(गुरवाक आधी घरी जावन भेट. मी काय बोललंय नाय.)

वकीलबाई

गुरवाला आधी भेटण्याबद्दल मी काहीही वाचलेलं नाही.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. महाडकरांचा प्रश्न टोचला, म्हणून पुढचं लिहितो. मागच्या खजिनदारांकडून वही आली तेव्हा मी ती चाळली होती. पत्र्याच्या पानावर रक्कम आहे, पावती नाही. मंडपाच्या पाइपाचंही तसंच. कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही. आमच्याकडे गवंड्याला, लोहाराला रोख द्यायची पद्धत, कागद कोण मागतो? पण अण्णा ज्याबद्दल विचारत होते त्याला वहीत उत्तर नाही, हे मला ठाऊक आहे. आता ते ठाऊक असताना सही करणं म्हणजे जरा जास्तच झालं.

काल संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो. चहा झाला, काजूच्या भावाच्या गप्पा झाल्या. मग म्हटलं, काका, मी सही करत नाही, माझा विरोध आहे असं वहीत लिहून घ्या, आणि शिमग्याच्या आधी एक बैठक लावून जुना हिशोब जसा आहे तसा मी वाचतो, पावत्या नाहीत तर नाहीत म्हणून वाचतो. कायद्याचं एक वाक्य बोललो, वकीलबाईंचं नाव न घेता. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. रागावले नाहीत, तेच मला जड गेलं. म्हणाले, "तुझा बापूस असता तर असं केलं नसतं." मग म्हणाले, "बरं, वही दे आणून. उद्या दुपारी माणूस पाठवतो."

आईला अजून सांगितलेलं नाही. मास्तर, वाटेचं म्हणाल तर पलीकडच्या जागावाल्याने आजच बेड्याला, म्हणजे कुंपणाच्या फाटकाला, काठी आडवी घातली आहे. रोज गुरांसाठी घालतो तशीच असेल कदाचित.

गुरवाकडे गेलो नाही. पण तो स्वतःच वाटेत भेटला आणि विचारत होता, बैठक कधी आहे.

गुहागरी

माझं मत तेच आहे, पण एक सांगतो. वही तशीच देऊ नका. आज रात्रीच प्रत्येक पानाचे फोटो काढा, ठरावाच्या पानाचे दोनदा, सह्या नीट दिसतील असे. आणि जो माणूस न्यायला येईल त्याच्याकडून पोच घ्या, तारीख घालून. पुतण्या आला तरी घ्या.