बॉयलरचा मॅग्नेटिक फिल्टर घरी साफ करता येतो का? (यूके)

रीडिंगकर: कॉम्बी बॉयलर आहे (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी एकातच), खाली रिटर्न पाइपवर (रेडिएटरमधून पाणी परत आणणारा) फिल्टरचा काळा डबा बसवलाय. सर्व्हिसवाला नुसता तो साफ करायचे वेगळे पैसे मागतोय. घरी जमेल का, की किचनभर पाणी होईल?

थंडोबा: जमतं की! हीटिंग बंद करून सगळं पार गार होऊ द्या, मग डब्याच्या दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह घट्ट बंद, एक जरी अर्धवट राहिला तर सिस्टिममधलं पाणी थेट फरशीवर. खाली बादली ठेवा, ब्लीड स्क्रू हळूच सैल करून प्रेशर सोडा, मगच झाकण. मॅग्नेटच्या नळीला काजळासारखा काळा चिखल दिसेल, तो रेडिएटरच्या आतला गंज, मॅग्नेटाइट. मॅग्नेट नळीतून ओढून काढला की चिखल आपोआप सुटतो, नळाखाली धुवा. कार्पेटवर सांडू नका बाबांनो, डाग जाता जात नाही.

लेस्टरची ताई: झाकणाची ओ-रिंग (रबरी सील) चिरलेली असेल तर बदलाच, पाच मिनिटांचं काम. झाकण परत घट्ट लावून, व्हॉल्व्ह उघडून हवा काढली की बॉयलरचं प्रेशर बघा, थंड असताना १ ते १.५ बार हवं, कमी असेल तर फिलिंग लूपने (सिस्टिममध्ये नळाचं पाणी भरायची जोडणी) भरा. आणि बॉयलरचं कव्हर उघडायच्या भानगडीत पडू नका, ते गॅस सेफवाल्याचंच (नोंदणीकृत गॅस इंजिनिअरचं) काम.

रीडिंगकर: भारी, थँक्स. इन्हिबिटर (गंज रोखणारं केमिकल) पण टाकायचं का?

थंडोबा: डबा भरून चिखल निघाला तर टाकाच. बऱ्याच फिल्टरमध्ये त्या डब्यातूनच ओतता येतं.