लाडकी बहीणचे १५०० रुपये घरात कशावर जातात, हे मोजायचं कसं?

घरखर्च_नागपूर: उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत पाहणी करायची आहे. चाचणीत 'योजनेचे पैसे कशाला वापरले?' असं विचारलं, तर जवळपास सगळ्यांचं उत्तर 'लेकरांसाठी'. हे धरायचं का? आणि पैसे आईच्या खात्यात गेले की खर्च बदलतो, याला पुरावा काय?

ताळेबंद: तो प्रश्नच काढा. १५०० मधून ट्यूशनची फी भरली आणि नवऱ्याच्या मजुरीतले फीचे पैसे मोबाइलच्या हप्त्याला गेले, तर वाढलेला खर्च मोबाइलचा. म्हणून अख्ख्या घराचा खर्च वस्तुवार विचारा: भाजी, अंडी, मटण, तेल मागच्या ७ दिवसांचं, धान्य, डाळ ३० दिवसांची, कपडे, शाळा ३६५ दिवसांची. २०२२-२३ च्या सरकारी उपभोग खर्च पाहणीत हीच पद्धत होती. रेशनचं फुकट धान्य वेगळ्या रकान्यात लिहा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पाहणी करू नका. वह्या-गणवेश योजनेच्या नावावर चढतील.

योजना ६५ वर्षांपर्यंतच्या बायकांनाच मिळते, म्हणून पासष्टीच्या आतल्या आणि वरच्या बायकांच्या घरांची तुलना सोयीची वाटते, पण ती फसवी आहे. पासष्टीनंतर काही जणींना श्रावणबाळ या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेचे १५०० सुरू होतात, शिवाय त्याच घरात सुनेला लाडकी बहीण मिळत असू शकते.

मधली_ओळ: पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची करसवलत बंद होऊन रोख भत्ता आईला मिळू लागला. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायका-मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. केनियात गरीब घरांना रोख मदत देण्याच्या प्रयोगात मात्र पैसे नवऱ्याला दिले की बायकोला, याने फारसा फरक दिसला नाही. फरक पडला तो हप्त्याने: दरमहा दिलेले पैसे खाण्यावर गेले, एकरकमी दिलेले टिकाऊ वस्तूंवर. आपल्याकडेही ऑगस्ट २०२४ मध्ये दोन महिन्यांचे ३००० एकदम आले होते. म्हणून जमा झाल्याची तारीख पासबुकावरूनच घ्या, आठवणीवर सोडू नका.

ताळेबंद: बरोबर. त्यात एक भर: पासबुक कुठलं, तेही बघा. आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते आणि बाई जुन्या बँकेत चौकशी करत राहते. थकलेला कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून कापला जात असेल, तर घरात काहीच पोचत नाही.

पैशावर ताबा कुणाचा, हे तीन प्रश्नांत कळतं: पैसे काढायला कोण गेलं, कार्ड कुणाजवळ असतं, बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर हे विचारूच नका. वेळ ठरवून पुन्हा जा.