वल्हांडण: नक्कल की आपला सण?

वल्हांडण म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटले, त्या रात्रीच्या आठवणीचा यहुदी सण. 'ख्रिस्ती लोकांनी तो पाळणं म्हणजे यहुद्यांची नक्कल' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आजचा यहुदी सेदर, म्हणजे या सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, त्यातला ठरलेला क्रम, हा बहुतांशी इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर घडत गेला. तो जसाच्या तसा उचलू नये, हे खरं. पण बायबलमधल्या पहिल्या तीन शुभवर्तमानांत प्रभू येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचंच आहे, आणि प्रेषित पौलानं ख्रिस्ताला आपलं वल्हांडणाचं कोकरू म्हटलंय. ते कसं सोडायचं?

आमच्या अमरावतीकडच्या खेड्यात पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, आजी जवारीची भाकर थापायची. मिसरातली भाकर जवारीची नव्हती, पण बेखमीर, म्हणजे खमीर न घातलेली भाकर म्हणजे काय ते आम्हाला त्या चुलीपुढेच समजलं: पीठ फुगायची वाट पाहायला वेळच नव्हता, रातोरात निघायचं होतं. सोबत वल्हांडणाची कडू भाजी म्हणून कडुनिंबाची कोवळी पानं. आजोबा कंदिलाजवळ बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १२वा अध्याय वाचायचे. २६व्या वचनाला थांबले की सगळ्यात लहान पोरानं विचारायचं, "आबा, हे कशासाठी?" (मुलं विचारतील असं त्या वचनातच आहे.) मग ते उठून दाराशी जायचे, दोन्ही बाह्यांना अन् वरच्या पट्टीला बोट लावून म्हणायचे, "इथं कोकराचं रक्त होतं, म्हणून मरण हे घर वल्हांडून गेलं." वल्हांडणं म्हणजे ओलांडणं, हे मी शब्दकोशातून नाही, त्या उंबरठ्यावर शिकलो.