पेठेतल्या वाड्यातलं सात खोल्यांचं हॉटेल: पाहुण्यांच्या त्याच त्या तक्रारी, आधी कशाला हात घालावा?

चौसोपी

सोलापुरात बाळीवेशीजवळचा दुमजली वाडा आहे. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागवानी तुळया, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली तीन खोल्या, वर चार. मागच्या बाजूला नंतर बांधलेला आरसीसीचा भाग, त्याच्यावर सोलर आणि टाकी. प्रत्येक खोलीला बाथरूम आहे, पण ते जुन्या खोलीचाच एक कोपरा अडवून काढलेलं.

अभिप्रायाची वही आणि बुकिंग साइटवरचे शेरे एकत्र मांडले. चौक, झोपाळा, जेवण आणि माणसं यांचं कौतुक जवळपास सगळे करतात. तक्रारीही ठरलेल्याच आहेत:

गरम पाणी यायला फार वेळ लागतो, आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याला मिळतच नाही.
बाथरूमला वास येतो, विशेषतः आल्याआल्या.
खालच्या दोन खोल्यांत भिंतीला ओल आहे, रंगाचे पोपडे सुटतात.
वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली ऐकू येतं. रस्त्याकडच्या खोलीत झोप लागत नाही.
जिना फार उभा आहे. गाडी दारापर्यंत येत नाही.
टॉवेल खरबरीत.

सगळं एकदम करण्याइतके पैसे नाहीत. क्रम कसा लावावा? माहीतगारांनी आकड्यांसकट सांगावं ही विनंती.

नहाणीट्रॅप

ताई, पाणी आधी. येणारंही आणि जाणारंही. जुन्या वास्तूत उतरलेला माणूस कुरकुरणारी फळी सहन करतो, किंबहुना तिच्यासाठीच येतो. थंड पाण्याची अंघोळ आणि मोरीचा वास मात्र कुणी माफ करत नाही.

गरम पाण्याचं गणित बघा. सोलर मागे आणि रस्त्याकडची खोली पुढे, म्हणजे नळी २०-२५ मीटर सहज होते. एक इंची नळीत मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं. नळ सोडल्यावर आधी ते १०-१२ लिटर गार पाणी बाहेर पडणार, मग गरम. शॉवर मिनिटाला ८ लिटरचा असला तर दीड मिनिट नुसतं उभं राहायचं, आणि तेवढं पाणी मोरीत. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे हे दुहेरी नुकसान आहे. अर्ध्या इंची नळीत मीटरला पाव लिटरसुद्धा मावत नाही. म्हणून मुख्य नळी मोठी ठेवली तरी खोलीकडे जाणारा फाटा अर्धा इंचीच हवा, आणि सगळ्या गरम नळीला फोमचं वेष्टण हवं.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक बाथरूमला छोटा गीझर लावून सोलरचं पाणी त्यातून सोडणं. २५ लिटरच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी असलं आणि टाकीतलं २५ अंशांचं, तर अंघोळीजोगं ४० अंशांचं साधारण ५८ लिटर होतं. म्हणजे तीन बादल्या. १५ लिटरच्या गीझरमध्ये दोन बादल्याही जेमतेम होतात, दोघांच्या खोलीला तो पुरत नाही. २ किलोवॅटच्या कॉइलला २५ लिटर तापवायला अर्धा तास लागतो, हे पाहुण्याला सांगून ठेवा. सात गीझर एकदम चालू झाले तर १४ किलोवॅट भार येतो. त्यासाठी थ्री फेज जोडणी घेऊन गीझर तिन्ही फेजवर वाटावे लागतात. जुन्या वायरीवर हा खेळ अजिबात नको, वर सागवान आहे. प्रत्येक बाथरूमच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

बोअरचं पाणी वापरत असाल तर थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर ठेवा. त्याच्या वर क्षार भराभर बसतात. गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघा. तो झिजून गेला की टाकी गंजायला लागते. शॉवरची जाळी महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवली की भोकं मोकळी होतात.

आता वास. "आल्याआल्या वास येतो" हे वाक्यच कारण सांगतं. खोली आठ-दहा दिवस रिकामी राहिली की नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली गटाराची हवा अडवणारं, पाणी उडून जातं, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. मग गटाराची हवा सरळ खोलीत. रिकाम्या खोलीत दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओतणं हे झाडूपोछ्याइतकंच नियमाचं काम धरा. जास्त दिवस खोली बंद ठेवायची असेल तर वर चमचाभर खाण्याचं तेल टाका, पाण्यावर तवंग राहतो आणि ते उडत नाही. ट्रॅपची पाण्याची पातळी ५० मिलिमीटर हवी, स्वस्तातले उथळ ट्रॅप काढून टाका. बादली ओतल्यावर शेजारची जाळी गुडगुडत असेल तर वेंट पाइप (सांडपाण्याच्या नळीला हवा देणारा) नाही असं समजा. वाहतं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. माळवदाच्या वरपर्यंत दोन इंची पाइप चढवला की हा त्रास संपतो.

टाकीचा हिशोब: हॉटेलात माणशी दिवसाला १८० लिटर धरतात. सात खोल्यांत चौदा माणसं म्हणजे अडीच हजार लिटर. तुमच्या भागात जितक्या दिवसांनी पाणी येतं तितक्या पटीत साठा हवा. ती टाकी जमिनीखाली घ्या. माळवदावर हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, ते चुकूनही नको. वाड्यातला आड जिवंत असेल तर त्याचं पाणी फ्लशला वापरा. प्यायला वापरायचं तर तपासणीशिवाय नाही.

चुनासुर्खी

पाण्याबद्दलचं वरचं सगळं मान्य. ओलीचं मी सांगतो, कारण इथे लोक पैसे घालून वाडा बिघडवतात.

पहिल्यांदा ओल कुठून येते ते ओळखा. भिंतीच्या पूर्ण लांबीला सारख्या उंचीवर, दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा असेल तर ती जमिनीतली. बाथरूमच्या बाजूला एकच डाग असेल आणि तो वर-खाली पसरत असेल तर नळी किंवा फरशी गळते आहे. जुन्या पेठांत आणखी एक कारण असतं: रस्ता थर चढवून चढवून जोत्याच्या बरोबरीला आलेला असतो आणि पावसाचं पाणी भिंतीत मुरतं. मग बाहेरून पन्हळ काढल्याशिवाय आतलं काम टिकत नाही.

दगड-मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग दिला की सोडायची वाट बंद. ओल आतल्या आत वर चढते, क्षार बाहेर येतात, पोपडे सुटतात. त्यावर वॉटरप्रूफचा आणखी एक थर दिला तर ओल फूटभर आणखी वर सरकते, एवढंच. सिमेंटचा गिलावा डागाच्या वर निदान एक फुटापर्यंत काढा. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातात. मग भिंत महिनाभर तरी उघडी राहू द्या.

नंतर चुन्याचा गिलावा. कळीचा चुना भिजवून कमीत कमी तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला, गाळून घेतलेला. खालच्या थराला एक भाग चुना, एक भाग सुर्खी (भाजक्या विटेची पूड), दोन भाग वाळू. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. दोन थरांत आठवड्याचं अंतर आणि वर ओलं गोणपाट. चुना घाई सहन करत नाही वो. एप्रिल-मे मध्ये चाळीस अंशांच्या वर हे काम काढलं तर गिलावा वाळतो पण धरत नाही, जाळीसारख्या भेगा पडतात. दिवाळीनंतर करा. वर चुन्याचेच तीन-चार पातळ हात. पाहुण्याच्या कपड्याला पांढरं लागू नये म्हणून शेवटच्या हातात डिंकाचं पाणी घाला, आणि पलंगाला लाकडी पाठ करून ती भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा.

माळवद खोल्या गार ठेवतं, म्हणून ते पाडून स्लॅब टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्लॅबखालची खोली मे महिन्यात रात्री अकरालाही तापलेली असते. पण माळवदाची डागडुजी नीट करा. पावसाआधी पांढरी माती घालतात तेव्हा जुनी खरवडून काढायची आणि तेवढीच नवी घालायची. मातीचं वजन इंचामागे चौरस फुटाला साधारण ४ किलो. बारा बाय चौदाच्या खोलीवर दोन इंच जास्तीची माती म्हणजे सव्वा टनाच्या वर. दरवर्षी नुसती भर घालत गेल्यानेच तुळया वाकतात. गवत मुळासकट काढा, चोपून उतार पन्हाळीकडे द्या.

आणि जाड भिंती दुपारचं ऊन रात्री आत सोडतात. सकाळी दहाला खिडक्या बंद आणि संध्याकाळी सातनंतर सताड उघड्या, हे पाहुण्याला समजावलं तर एसी कमी चालतो.

काउंटरवरून

दोघांच्याही कामांना महिने आणि लाखो रुपये लागतील. बिनखर्चाचं काम आज रात्री होतं, आणि माझ्या मते पहिला क्रमांक त्याचाच: प्रत्येक खोलीचं खरं वर्णन लिहा. "वर जाणारा जिना भिंतीतला, दोन फूट रुंद, पायऱ्या उंच. दाराची चौकट साडेपाच फूट." हे बुकिंगआधी वाचलेला माणूस तक्रार करत नाही, गुडघेदुखी असेल तर खालची खोली मागतो. न वाचता आलेला माणूस पहिल्या पायरीवरच नाराज होतो आणि मग त्याला टॉवेलही खुपतो. फोटोत फक्त चौक नको. जिना, बाथरूम आणि गल्लीही दाखवा.

गाडीचं तेच. नकाशा पाहुण्याला बोळात आणून सोडतो. वाड्याचं लोकेशन पाठवण्याऐवजी रुंद रस्त्यावरची, गाडी लावायची जागा पाठवा आणि तिथून सामान आणायला माणूस ठेवा.

आपल्याकडचे पाहुणे गाडीच्या वेळेवर येतात, हे विसरू नका. सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी लवकर सोडते आणि खोली बाराला मिळणार असते. त्यातले बरेच जण अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरला निघालेले. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या वर. त्यांना खोली नको असते, अंघोळ आणि सामान ठेवायला जागा हवी असते. तळमजल्यावर एक स्वतंत्र बाथरूम आणि कुलपाची कपाटं ठेवा, वेगळा दर लावा. मुंबईची वंदे भारत रात्री साडेदहाच्या पुढे पोचते आणि परतीची सकाळी सहाच्या सुमाराला सुटते. त्या पाहुण्याला तुमचा नाश्ता मिळतच नाही. शेंगापोळी, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी रात्रीच बांधून द्या. शेऱ्यात तीच लिहिली जाते.

आवाजाबद्दल: लहान मुलं असलेलं कुटुंब खाली, एकटा माणूस वर. वरच्या फळ्यांवर जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर) आणि त्यावर सतरंजी अंथरली की पावलं बरीच दबतात. रस्त्याकडच्या खिडकीला आतून दुसरी काचेची झडप बसवा, दोन काचांत चार इंच अंतर ठेवून. जुनी खिडकी काढू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत मात्र हीच खोली सोनं आहे. संक्रांतीच्या आसपास सात नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघते. त्या चार-पाच दिवसांत रस्ते बंद असतात, वाद्यं असतात, अक्षता सोहळ्याला माणसांचा समुद्र असतो. ते पाहायला येणाऱ्याला ती खोली द्या, शांतता मागणाऱ्याला तारीख बदलायला सुचवा.

बिल: साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. दर लिहिताना करासकट लिहा. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे चोवीस तासांत भरायची. वायफाय अडीच फुटी भिंतीतून जात नाही, प्रत्येक खोलीपर्यंत केबल ओढा.

टेरी

टॉवेलचं थोडक्यात. सोलापुरात राहून पाहुण्याला खरबरीत टॉवेल मिळावा हे मनाला लागतं. टेरी टॉवेल आणि चादर, दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे. चूक विणकामाची नाही, धुण्याची आहे. जड पाण्यात साबणाचा साका धाग्यात बसतो. पावडर निम्मी करा, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला. सॉफ्टनर टाळा, त्याने टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. कडक उन्हात वाळवून झाला की जोरात झटका.

४५० ते ५०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) पुरे. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा टॉवेल अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. ६०० चा फोटोत छान दिसतो, पण पावसाळ्यात वाळत नाही आणि कुबट होतो. माणशी तीन जोड: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. ॲक्रिलिकची ब्लँकेटं काढून जेकार्डची चादर द्या, खाली मऊ सुती पांघरूण लावून. नवी चादर पहिल्या दोन वेळा वेगळी धुवा, रंग सोडते.

चौसोपी

सगळ्यांचे आभार. खोल्यांचं वर्णन आजच बदलते, ट्रॅपमध्ये पाणी ओतणं उद्यापासून. एक शंका: वरच्या एका बाथरूमची फरशी थेट तुळईवर येते आणि खालच्या छताला तपकिरी डाग आहे. दिवाळीपर्यंत थांबता येईल का?

चुनासुर्खी

नाही. तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, मधला भाग बहुतेक चांगलाच असतो. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला, किंवा हातोडीने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी पोकळ आला, तर ते बाथरूम आणि त्याखालची खोली दोन्ही आजच बंद करा. खाली टेकू लावा, टेकूच्या वर-खाली फळी घालून, म्हणजे भार पसरतो. मग सुतार. लाकूड टणक लागलं तर फरशीची जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा, ४८ तास ठेवा आणि डागाची कड पेन्सिलीने आखून ठेवा. कड सरकली तर फरशी उखडून वॉटरप्रूफिंग भिंतीवर दीड फूट, शॉवरच्या बाजूला सात फुटांपर्यंत, आणि उतार चार फुटांत पाऊण इंच. हलली नाही तर गळती नळीची आहे, ते काम नहाणीट्रॅप यांचं.